वळणारा चेंडू नेमका कोठे वळतो?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा चौदा वर्षांचा भाचा अमेरिकेहून आमच्याकडे राहायला आला होता. येताना त्याने टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बरोबर आणले होते, आणि उन्हामुळे बाहेर पडता येत नसल्याने तो दुपारभर त्यावर बेसबॉल खेळत बसे. एके दिवशी वैतागून तो म्हणाला, "मामा, माझ्या पिचरचा कर्व्ह सगळ्यांत जास्त वळतो. तरी समोरचा दर वेळी तो स्टेडियमच्या बाहेर मारतो. आणि त्याचा चेंडू माझ्यापेक्षा कमी वळतो, तर मला तो लागतच नाही. असं कसं?"

मी आयुष्यात बेसबॉल खेळलेलो नाही. प्रश्न मात्र सरळ भौतिकीचा होता, आणि त्याचे उत्तर शोधताना नववीच्या पुस्तकातील गतीच्या समीकरणापलीकडे फारसे जावे लागले नाही. म्हणूनच ते शिक्षकांपुढे मांडावेसे वाटले.

बेसबॉलची थोडी ओळख करून घेऊ. पिचर ज्या पट्टीवरून चेंडू फेकतो ती फलंदाजापुढच्या होम प्लेटपासून १८.४४ मीटर दूर असते. फेकताना तो पुढे झेपावतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो प्लेटपासून साधारण १६.८ मीटरवर. चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे कमी, आणि व्यास सुमारे ७.४ सेंटिमीटर, म्हणजे थोडा जास्त. त्यावर १०८ दुहेरी टाके असतात. चेंडू टप्पा घेत नाही, हा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक. आपला फिरकी गोलंदाज खेळपट्टीची मदत घेतो. बेसबॉलच्या पिचरला जे काही करायचे ते हवेतच करावे लागते. प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर. तिच्या वर फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत एक काल्पनिक चौकट धरतात, ती स्ट्राइक झोन. चेंडू तिच्यातून गेला आणि फलंदाजाने मारला नाही, किंवा बॅट फिरवली आणि हुकली, की एक स्ट्राइक. तीन झाल्या की बाद. चौकटीबाहेरचा चेंडू सोडून दिला तर तो पिचरच्या खाती वाईट जमा होतो.

चेंडू खरोखर हवेत वळतो का, यावर अमेरिकेत कित्येक वर्षे वाद चालला होता. वास्तविक न्यूटनने १६७२ सालीच, तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो, याचा उल्लेख एका पत्रात केला होता, आणि १८५२ मध्ये हाइनरिख मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने अशा बलावर प्रयोग केले होते. तरीही १९४१ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने झटपट घेतलेली छायाचित्रे छापून, कर्व्ह हा केवळ दृष्टिभ्रम असावा, असा संशय व्यक्त केला. त्याचा समाचार घेतला तो लायमन ब्रिग्ज यांनी. हे अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेचे माजी संचालक. निवृत्तीनंतर, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, त्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९५९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ब्रिग्ज यांची एक युक्ती मला फार आवडते. चेंडू स्वतःभोवती किती वेळा फिरतो हे त्यांना मोजायचे होते. त्यांनी चेंडूला एक हलकी, लांब, चपटी फीत चिकटवली, ती जमिनीवर सरळ पसरून ठेवली आणि वॉशिंग्टन सेनेटर्स या व्यावसायिक संघाच्या पिचरांना चेंडू फेकायला सांगितले. चेंडू पलीकडे झेलला गेल्यावर फितीला पडलेले पीळ मोजायचे, झाले! ना कॅमेरा, ना वीज. टेनिसचा चेंडू आणि शिवणकामाची फीत घेऊन हा प्रयोग शाळेच्या मैदानावर कोणालाही करता येईल. पुढे ब्रिग्ज यांनी वाऱ्याच्या बोगद्यात फिरते चेंडू सोडून ते किती बाजूला सरकतात हे मोजले. १८.३ मीटर, म्हणजे ६० फूट, अंतरात चेंडू जास्तीत जास्त ४४ सेंटिमीटर वळू शकतो असे त्यांना आढळले. चेंडू वळतो याबद्दल आता शंका उरली नाही.

तो का वळतो, याचे स्पष्टीकरण बहुतेक पुस्तकांत बर्नोलीच्या तत्त्वाने दिलेले असते: एका बाजूला हवेचा वेग जास्त, म्हणून दाब कमी, म्हणून चेंडू तिकडे ढकलला जातो. माझ्या मते वर्गात दुसऱ्या वाटेने जाणे बरे. चेंडूला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. चेंडू पुढे जाताना हा थर त्याच्या पाठीमागे कोठेतरी सुटतो आणि मागे खळबळलेल्या हवेची शेपटी तयार होते. आता चेंडूचा वरचा भाग पुढच्या दिशेने फिरतो आहे असे समजा. कर्व्हमध्ये हेच असते. वरच्या बाजूला पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध सरकतो, त्यामुळे तेथे थर लवकर सुटतो. खालच्या बाजूला पृष्ठभाग हवेबरोबरच मागे सरकतो, त्यामुळे थर अधिक काळ चिकटून राहतो आणि पाठीमागून वर वळतो. शेपटी वर वळली, म्हणजे चेंडूने हवा वर ढकलली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने हवेने चेंडू खाली ढकलला. ब्रिग्ज यांना असेही दिसले की चेंडू अगदी गुळगुळीत असेल तर काही वेगांना तो उलट्याच दिशेला वळतो. थर कोठे सुटतो हे विचारात घेतले तरच याचा उलगडा होतो. नुसत्या बर्नोलीने होत नाही.

पाहायचे असेल तर एका कागदाची चार-पाच सेंटिमीटर व्यासाची नळी करून कडा चिकटवा. टेबलावर एक फळी तिरपी ठेवून नळी तिच्यावरून घरंगळत सोडा. टेबलाच्या कडेवरून ती पुढे उडी मारेल असे मुले सांगतील. प्रत्यक्षात ती मागे वळून टेबलाखाली शिरते! घरंगळताना मिळालेली फिरत तीच, जी कर्व्हला असते.

येथे क्रिकेटबद्दल एक सूचना. वेगवान गोलंदाजाचा स्विंग हा प्रकार निराळा आहे. तेथे शिवण तिरपी आणि स्थिर ठेवलेली असते आणि चेंडूच्या दोन बाजूंना हवेचा थर वेगवेगळ्या जागी सुटतो तो शिवणीमुळे आणि लकाकीमुळे. बेसबॉलच्या कर्व्हचा खरा भाऊबंद म्हणजे फिरकी गोलंदाजाचा हवेत अचानक खाली बसणारा चेंडू. विद्यार्थी या दोहोंची गल्लत करतात. समालोचकही करतात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. ताशी १२५ किलोमीटर वेगाचा कर्व्ह हवेच्या रोधामुळे थोडा मंदावत सुमारे अर्ध्या सेकंदात प्लेटपाशी पोहोचतो. गुरुत्वाकर्षण त्याला सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटरने खाली ओढते आणि मॅग्नस बल त्यात सव्वादोन-अडीच मीटरची भर घालते. हिशेबासाठी एकूण त्वरण १२ धरू. हातातून ज्या रेषेत चेंडू सुटला त्या रेषेच्या तो किती खाली आला हे 'अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग' या सूत्राने काढा. एक दशांश सेकंदानंतर ६ सेंटिमीटर, दोन दशांशानंतर २४, तिसऱ्यानंतर ५४, चौथ्यानंतर ९६ आणि पाचव्यानंतर १५० सेंटिमीटर. शेवटच्या एका दशांश सेकंदात चेंडू ५४ सेंटिमीटर खाली येतो. पहिल्या दशांशात फक्त ६. फलंदाज म्हणतात की कर्व्ह सरळ येतो आणि प्लेटपाशी आल्यावर 'मोडतो'. चेंडू कोठेही मोडत नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गुळगुळीत वक्रावर असतो. वर्ग ही गोष्टच अशी आहे की ती सुरुवातीला दिसत नाही आणि शेवटी अंगावर येते.

यात डोळ्यांचाही थोडा हातभार असतो. टेरी बॅहिल आणि टॉम लॅरिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की चेंडू जवळ येतो तसा नजर फिरवण्याचा वेग इतका वाढावा लागतो की व्यावसायिक फलंदाजालाही प्लेटच्या अलीकडे सुमारे १.७ मीटरपर्यंतच चेंडूचा पाठलाग जमतो. त्यापुढे चेंडू नजरेच्या कडेने दिसतो. आणि आर्थर शापिरो व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलेल्या भ्रमानुसार, सरळ खाली येणारी पण आत फिरत असलेली चकती नजरेच्या कडेने पाहिली तर तिरपी जाताना भासते. म्हणजे 'लाइफ' साप्ताहिक सर्वस्वी चुकले नव्हते. वळण खरे, पण त्याचा धक्का काही अंशी भासमान.

मात्र एवढ्याने भाच्याचे उत्तर मिळत नाही, कारण धक्का बसायला हवा तर फलंदाज आधी फसला पाहिजे. बॅट फिरवायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, आणि त्याआधी ठरवायलाही वेळ हवा. चेंडू हातापासून साधारण ७ मीटर आला असेल तेवढ्यात फलंदाजाचा अंदाज बांधून होत आलेला असतो. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: ७ मीटरवर कर्व्ह आणि सरळ वेगवान चेंडू यांच्यात फरक किती दिसतो?

भाचा दोन्ही चेंडू चौकटीच्या मधोमध टाकत होता. ताशी १५० किलोमीटरचा वेगवान चेंडू ०.४२ सेकंदात पोहोचतो. त्याला उलटी फिरत असते, म्हणून मॅग्नस बल त्याला वर उचलते आणि खालचे त्वरण निम्म्याने कमी होऊन ५ च्या आसपास राहते. तो सुटलेल्या रेषेच्या फक्त ४४ सेंटिमीटर खाली येतो. कर्व्ह येतो १५० सेंटिमीटर. दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचवायचे तर कर्व्ह १०६ सेंटिमीटरचे अंतर भरून काढेल एवढा वर रोखून फेकावा लागतो. १६.८ मीटरवर १०६ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन अंशांहून थोडा जास्त कोन. आता ७ मीटरवरची स्थिती काढा. या कोनामुळे कर्व्ह तेथे ४४ सेंटिमीटर वर असायला हवा. पण एव्हाना तो वेगवान चेंडूपेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर जास्त खाली आला आहे. बाकी राहिले २७ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ चार चेंडूंच्या रुंदीइतका उंचवटा! हातातून सुटताच चेंडू वर उसळलेला दिसतो. फलंदाजाने ओळखले, वाट पाहिली आणि मारला. चेंडू जितका जास्त वळणारा, तितका उंचवटा मोठा. भाच्याच्या पिचरचे सर्वांत मोठे वळण हीच त्याची चहाडी करत होते.

आता वेगवान चेंडू चौकटीच्या वरच्या कडेला टाका, जमिनीपासून समजा १०५ सेंटिमीटरवर, आणि कर्व्ह खालच्या कडेला, ४५ सेंटिमीटरवर. १०६ पैकी ६० सेंटिमीटर फरक आता जागेनेच भरून निघतो. उरलेल्या ४६ सेंटिमीटरसाठी फक्त दीड अंशाच्या आसपास कोन पुरतो. ७ मीटरवर तो कर्व्हला १९ सेंटिमीटर वर नेतो, त्यातून जास्तीची १७ सेंटिमीटर घसरण वजा केली की उरतात दोन सेंटिमीटर. चेंडूच्या रुंदीचा तिसरा हिस्साही नाही. तोच पिचर, तोच कर्व्ह, तेवढेच वळण. तरी फलंदाजाच्या दृष्टीने दोन्ही चेंडू एकाच नळीतून येतात आणि नळीच्या पलीकडे गेल्यावर एकमेकांपासून ६० सेंटिमीटर दूर जातात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये वरचा वेगवान चेंडू आणि खालचा कर्व्ह ही जोडी इतकी का चालते, याचे बरेचसे कारण या वजाबाकीत आहे.

समोरचा मुलगा वापरत होता तो स्लायडर. हा ताशी १३७ किलोमीटरच्या आसपास येतो आणि समजा १५ सेंटिमीटरच आडवा सरकतो. एकूण ०.४६ सेकंदांपैकी पहिल्या ०.२ सेकंदात त्यातले किती? दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर पंधरापैकी तीन सेंटिमीटरही भरत नाहीत. वळण लहान, वेग सरळ चेंडूच्या जवळपास, उंचवटा जवळजवळ नाही. आकड्यांत मोठा दिसणारा कर्व्ह का हरतो आणि लहानसा स्लायडर का जिंकतो, हे भाच्याला येथे पटले. जाता जाता, स्लायडर कमी वळतो तो कमी फिरतो म्हणून नव्हे. त्याच्या फिरण्याचा अक्ष बराचसा प्रवासाच्या दिशेलाच असतो, बंदुकीच्या गोळीसारखा, आणि तेवढ्या भागाला मॅग्नस बल मिळत नाही. फिरतीचा आकडा पाहून पिचर निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खेळयंत्रात हे सगळे कसे घडते? जुन्या खेळांत भौतिकी नव्हतीच. १९८८ मध्ये अमेरिकेत आलेल्या आर. बी. आय. बेसबॉल या खेळात चेंडू सुटल्यानंतरही पिचर खेळणारा अंगठ्याने त्याला डावीउजवीकडे सरकवू शकत असे, जणू चेंडूला अदृश्य दोरी बांधली आहे. मजा येते, पण तेथे वरचा हिशेब लागू नाही. चेंडूचा उरलेला मार्ग खेळणाऱ्याच्या मनात असतो. हिशेब लागू होतो तो चेंडू सुटताच त्याचे भवितव्य ठरवणाऱ्या खेळांत. त्यांत चेंडूचा मार्ग काढायची सोपी रीत अशी: पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तेव्हा दर साठांश सेकंदाला वेगात त्वरणाची भर घाला, स्थानात वेगाची भर घाला, आणि पुन्हा तेच. भाच्याच्या खेळात आपण चेंडू कोठे पोहोचावा ती जागा दाखवतो, आणि तेथे पोहोचण्यासाठी कोणत्या कोनात सुटावा हे यंत्र उलटे गणित करून काढते. तो उंचवटा म्हणूनच त्याच्या ध्यानात येत नव्हता. लक्ष्य त्याने ठरवले होते, कोन यंत्राने.

आलेख कागदावर हेच काम एका तासिकेत होते. दशांश सेकंदाच्या पायऱ्या घ्या, दोन गटांना दोन चेंडू द्या आणि मार्ग एकाच कागदावर काढायला सांगा. आडव्या व उभ्या अक्षाची मापे वेगळी ठेवावीत, नाहीतर फरक दिसत नाही. २००६ पासून अमेरिकन मैदानांवर कॅमेऱ्यांनी चेंडूंचा मार्ग टिपणारी यंत्रणा आली, तिच्यातही चेंडूचे वर्णन नऊच आकड्यांनी करत: सुरुवातीचे स्थान, वेग आणि त्वरण, प्रत्येकी तीन दिशांना. त्वरण सबंध प्रवासात स्थिर धरले तरी काम भागत असे. २०२० पासून तेथे हॉक-आय वापरतात, आपल्याला पायचीतच्या निर्णयांमुळे माहीत झालेले.

पडद्यावरच्या फलंदाजाचे हाल मात्र मैदानावरच्यापेक्षा जास्त. कर्व्हचा सारा प्रवास ३० चित्रांत आटोपतो, आणि चित्र उमटायला व बटणाचा संकेत पोहोचायला लागणारे सेकंदाचे काही शतांश भाग त्यातूनच जातात. खरा फलंदाज लाल टाक्यांची फिरत पाहून चेंडू ओळखायचा प्रयत्न करतो. पडद्यावर तेही अवघड. चेंडू सेकंदाला ४२ वेळा फिरत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये तो सात दशांश फेरा पुढे जातो. डोळ्याला मात्र तो तीन दशांश फेरा मागे गेल्यासारखा वाटू शकतो. चित्रपटात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, तसे. म्हणून पडद्यावर ओळख पटवायला उरतो तो मुख्यतः सुरुवातीचा मार्ग, आणि तो लपवणे हेच खेळातल्या पिचरचे खरे काम.

या गणितात न बसणारे काही आहे. १०८ टाक्यांची शिवण कोणत्या बाजूला येते त्यावरही हवेचा थर कोठे सुटेल हे अवलंबून असते, आणि त्यामुळे चेंडू मॅग्नस बलाने सांगितलेल्या मार्गावरून ढळतो. युटा स्टेट विद्यापीठातील बार्टन स्मिथ यांच्या कामामुळे २०२० च्या सुमारास या परिणामाकडे सर्वांचे लक्ष गेले. ब्रिग्ज यांच्या प्रयोगाला साठ वर्षे झाल्यावर!

भाचा परत गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. वर वेगवान, खाली कर्व्ह ही जोडी चांगली चालली होती. आता अडचण निराळी होती: समोरच्याच्या ध्यानात आले होते की याचा कर्व्ह नेहमी गुडघ्याच्या खाली जातो, आणि तो खालच्या चेंडूला बॅटच लावत नव्हता. दहांपैकी किती कर्व्ह चौकटीच्या आत टाकावेत, असे तो विचारत होता. मी त्याला म्हटले, यासाठी भौतिकी पुरणार नाही, थोडी संभाव्यता लागेल. तू मागच्या शंभर चेंडूंची नोंद करून पाठव.